साडूभाऊंच्या फांद्या

सरळ रेषेत विचार करताना आमच्या साडूभाऊंना आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यांच्या मनात कुठलीही गोष्ट आली, की ती आधी मधोमध एका गोलात बसते आणि मग तिला चहूबाजूंनी फांद्या फुटायला लागतात. हे मी अलंकारिक बोलत नाही. त्यांच्या लॅपटॉपवर माइंड मॅप, म्हणजे विचारांचे नकाशे, काढायचं सॉफ्टवेअर आहे आणि मुलुंडच्या त्यांच्या घरात सकाळी देवापुढचा दिवा लागण्याआधी ते लागतं. धंदाही त्याचाच. लोकांना हव्या असलेल्या वेब अॅप्लिकेशनांची आखणी ते करून देतात: कुठलं पान आधी यावं, कुठलं बटण कुठे असावं, ते दाबल्यावर काय व्हावं. पुढे प्रत्यक्ष बांधायचं काम मरोळच्या ऑफिसात बसणाऱ्या माझ्यासारख्या प्रोग्रॅमरांचं. साडूभाऊ आम्हाला गवंडी समजतात. आम्ही त्यांना काय समजतो, ते नात्यामुळे सांगता येत नाही.

आमच्या मुलीच्या बारशाची आखणी त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली होती. ‘पाळणा’ या गोलाला ‘बाळ रडल्यास’ अशी फांदी होती, हे समजू शकतो. पण शेजारी ‘बाळ न रडल्यास’ अशीही होती आणि तिच्यापुढे काही सुचेना म्हणून ते अस्वस्थ होते. मुलीने भोकाड पसरलं तेव्हा सगळ्यांत जास्त हायसं त्यांनाच वाटलं. हॉटेलात वेटर आला की ते आधी विचारतात, “आज काय नाहीये?” सुकलेल्या फांद्या आधी कळलेल्या बऱ्या, असं त्यांचं म्हणणं. चेंबूरच्या एका दातांच्या डॉक्टरांना रुग्णांना वेळ देण्यापुरती सोय हवी होती. साडूभाऊ ‘रुग्ण आलाच नाही’ या एकाच फांदीवर कितीतरी दिवस बसून राहिले. का आला नाही? विसरला, घाबरला, की दुखायचं थांबलं? घाबरला तर कशाला, सुईला की बिलाला? डॉक्टरांनी शेवटी काम दुसरीकडून करून घेतलं, पण तो नकाशा मोठा छापून दवाखान्यात लावला. आपला नंबर येईपर्यंत माणसं त्यात स्वतःला शोधत बसतात म्हणे.

त्यांचा एक नियम मात्र पक्का. ते काहीही खोडत नाहीत. त्या सॉफ्टवेअरमध्ये फांदी मिटता येते. मिटली की तिच्या पुढचं सगळं आत जातं आणि टोकाला फक्त एक बारीक ठिपका उरतो. फिसकटलेली कामं, न झालेल्या सहली, असं सगळं त्यांच्या नकाशांत ठिपके होऊन पडलेलं असतं. “खोडायचं कशाला रे?” ते म्हणतात. “मिटून ठेवायचं. लागलं तर उघडता येतं.”

या नियमाने एकदा घोळ घातला. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझी मोठी मेहुणी, ज्यांना आम्ही सगळे ताई म्हणतो, दिवाळीचा फराळ ऑर्डरीने करून देतात. व्हॉट्सअॅपवर ऑर्डरी घेताना एका वर्षी गडबड झाली. एका मधुमेही काकांकडे साखरेत घोळलेले शंकरपाळे गेले आणि त्यांचा बिनसाखरेचा डबा भलत्याच घरी. काकांनी आनंदाने खाल्ले. त्यांच्या घरच्यांनी ताईंना नाही नाही ते ऐकवलं. ते ताईंच्या फार मनाला लागलं. पुढच्या खेपेला साडूभाऊंनी वेबसाइट आखायची आणि मी बांधायची असं ठरलं, तेव्हा ताईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, “या वर्षी एक जरी डबा चुकला ना, तर कढई माळ्यावर. कायमची.” त्या गंमत करत नव्हत्या. त्यांनी भिशी सोडली ती अशीच एका वाक्यात सोडली होती.

साडूभाऊंनी गणपतीत नकाशा काढायला घेतला. नवरात्रापर्यंत त्याचा पसारा बघून ताई म्हणाल्या, “अहो, मला वेबसाइट पाहिजे, वडाचं झाड नको.” त्या घाबरू नयेत म्हणून साडूभाऊंनी बऱ्याचशा फांद्या मिटल्या, त्या सुटसुटीत नकाशाचं चित्र ताईंना दाखवलं आणि तेच चित्र मला पाठवून दिलं. मी बोरिवलीला घरी बसून त्याबरहुकूम साइट बांधली. चित्रात ‘घरपोच’ अशी फांदी होती, तिला ‘हो’ आणि ‘नाही’. मीही ‘हो’ आणि ‘नाही’ दिलं. ‘हो’च्या टोकाला ठिपका होता, तो मला शोभेचा वाटला. यात माझी चूक होती असं माझी बायको म्हणते. नकाशात नसलेली खोली गवंड्याने बांधू नये, असं माझं मत आहे. साइट चालते का हे बघायला एक ऑर्डर मी दिली आणि एक साडूभाऊंनी. दोन्ही घरं ताईंना ठाऊकच होती.

वसुबारसेला हॉलभर डबे लागले होते आणि ताई छापलेल्या ऑर्डरी वाचत होत्या. नाव, मोबाइल, चकली, चिवडा, घरपोच हो. पुढची, घरपोच हो. सगळ्यांनी हो म्हटलं होतं. कुठे, ते कोणी सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

“अहो, हे न्यायचं कुठे?” ताईंनी विचारलं.

साडूभाऊंनी लॅपटॉप उघडून ‘हो’चा ठिपका दाबला. आतून पत्ता निघाला, विंग निघाली, मजला निघाला, ‘लिफ्ट बंद असल्यास’ निघालं, ‘वॉचमन वर सोडत नसल्यास’ निघालं.

“मी केला होता गं विचार,” ते म्हणाले.

“तो आतच राहिला,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिलं. मला खरोखर भीती वाटली.

साडूभाऊंना फोनवर बोलायचा मनस्वी कंटाळा. पण त्या दिवशी त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन लावला आणि ऐकता ऐकता नकाशा काढत गेले. पत्ते तसेही फांद्यांसारखेच असतात. स्टेशनची बाजू, रस्ता, सोसायटी, विंग. त्यांच्या नकाशाप्रमाणे आम्ही हॉलमध्ये डबे रचत होतो. सगळ्यांत शेवटी घाटकोपरच्या एक आजी उरल्या. एकट्या राहायच्या, ऑर्डर फक्त कडबोळ्यांची.

“सोपं आहे,” आजी स्पीकरवरून म्हणाल्या. “डेअरीवरून आत वळायचं.”

“कुठली डेअरी, आजी?”

“ती बंद झाली रे. तिच्यापुढे पिंपळ होता बघ.”

“होता?”

“तोडला ना मेल्यांनी.”

दुसरा कोणी वैतागला असता. साडूभाऊंनी ‘डेअरी, बंद’ अशी फांदी काढली, तिला ‘पिंपळ, आता नाही’ अशी जोडली आणि विचारलं, “बरं, पिंपळापासून कुठल्या हाताला?” आजींना एवढं ऐकून घेणारा माणूस बऱ्याच दिवसांनी भेटला असावा. “नीट ऐकतोस रे तू. तुला घाई नाही,” त्या म्हणाल्या. साडूभाऊ चक्क लाजले. तो डबा ते स्वतः रिक्षाने घेऊन गेले आणि चांगले उशिरा, चहा पिऊन परत आले. एकही डबा चुकला नाही. कढई माळ्यावर गेली नाही.

पुढच्या दिवाळीत साइटवर पत्त्याची जागा होती. मीच केली होती. आजींची ऑर्डर आली नाही म्हणून साडूभाऊंनी फोन केला, तो त्यांच्या भाच्याने उचलला. आजी उन्हाळ्यातच गेल्या होत्या. ताई थोडा वेळ कणीक तिंबायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, “नाव काढून टाका अहो त्यांचं. चुकून डबा भरला जाईल.”

साडूभाऊंनी लॅपटॉपवर आजींच्या पत्त्याची फांदी काढली. खोडली नाही, मिटली. मी त्यांच्या या सवयीला इतकी वर्षं हसत आलो, त्या दिवशी हसू आलं नाही.

ते हात धुवायला उठले तेव्हा मी हळूच तो ठिपका दाबला. डेअरी, बंद. पिंपळ, आता नाही. डाव्या हाताची चाळ, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. बेल वाजत नाही, हाक मारायची. मी ती फांदी होती तशी मिटून ठेवली.