सहा विसा

"अंगठा न्हाई लावायचा, सायेब. अंगठ्याला सोताची नाडी असती," असं म्हणून मामा माझा अंगठा कुत्र्याच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवायचे. नगरच्या जनावरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, सगळ्यांचेच मामा; मी तिथला नवा शिकाऊ डॉक्टर. शाळेची पायरी कधी चढले नव्हते, पण जनावराच्या मांडीला दोन बोटं टेकवून डोळे मिटले, की ते वाचणार की नाही हे सांगत.

मोजणीही त्यांची विसांची. घर धनगराचं, मेंढरं विसांनीच मोजलेली. मग गोळ्या, बिड्या, सुट्टीचे दिवस, सगळं विसांतच. आम्ही हसायचो. असं हसणं तुमच्याही हातून कधी झालं असेल.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात पारनेरकडच्या एका मेंढपाळानं आपला राखणीचा कुत्रा आणला, खंड्या. धावला की कोसळायचा. हृदयातून फुप्फुसाकडे जाणारी रक्ताची वाट जन्मापासूनच अरुंद होती. मोठ्या डॉक्टरांनी ती कापून मोकळी करायचं ठरवलं. तेवढा वेळ हृदयाचं काम सांभाळणारं यंत्र आमच्याकडे कुठलं असायला! खंड्याला गुंगी देऊन बर्फात गार करायचं, हृदयाकडे रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा सुती फितींनी आवळायच्या आणि रिकाम्या हृदयावर दोन मिनिटांत काम उरकायचं. उशीर झाला तर कुत्रा गेलाच.

मामांनी बर्फावरचा भुसा धुऊन काढला, वासरांच्या गव्हाणीत बर्फ पसरला आणि खंड्याला त्यात तान्ह्या पोरासारखं निजवलं. वेळ कोण बघणार, असं विचारल्यावर म्हणाले, "सहा इसा मी मोजतो." एकशेवीस सेकंद. डॉक्टर हो म्हणाले.

फिती आवळल्या. मामांच्या बोटांखालची नाडी गेली आणि मोजणी सुरू झाली. सहावी वीस भरली.

"सोडा."

डॉक्टर म्हणाले, एकच टाका राहिलाय.

"सोडा, सायेब."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. तेव्हा मामांनी हातमोजा नसलेला हात सरळ छातीत घातला आणि फिती सोडल्या. रक्त उसळलं. डॉक्टर मामांवर ओरडले, पण हृदयाच्या चिरेवर बोट दाबून त्यांनीच शेजारून टाका घातला. मामा परत खंड्याच्या मांडीवर बोटं टेकवून, डोळे मिटून उभे. मला वाटलं, संपलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "हाय."

त्या उघड्या हातानं जखम पिकली. महिनाभर मामांनीच ती धुतली. "घान हात माझाच हुता," एवढंच म्हणायचे. खंड्या बरा होऊन मेंढरांमागे गेला. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: फिती ड्रेसरने सोडल्या, उशीर माझा झाला. मी ते मामांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, कुत्र्याचं नाव लिहिलंय का? लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं.

दोन वर्षांनी मामा गेले. मला फार जड गेलं ते.

पुढे तसाच आजार असलेलं दुसरं कुत्रं आलं. बर्फ होता, फिती होत्या, माझ्या मनगटावर घड्याळ होतं. डॉक्टर टेबलाशी आले आणि म्हणाले, "मला 'सोडा' म्हणायला कोण आहे?"

मी समोरच होतो. मी घड्याळ काढून खिशात ठेवलं. डॉक्टरांनी हातमोजे काढून ठेवले.