डेव्हिएशनवर न सुटलेलं पॅकेज

काळेवाडीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी मी एका वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासायचो. लहान कारखान्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकून देतो आणि सोबत खोक्यांची लेबलं छापणारं एक मोफत, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर. त्याच जोरावर चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात गेलो. तिथलं काम मिळालं असतं, तर दुकान कायमचं उभं राहिलं असतं.

तिथल्या आयटीच्या साहेबांना छपाई आवडली. मग त्यांनी विचारलं, "हे लिनक्सच्या अधिकृत भांडारात आहे का?"

"नाही. मी स्वतः टाकून देतो."

"मग नको. काही बिघडलं तर धरायचं कुणाला?"

"मला धरा. काळेवाडीत कुणालाही विचारा."

"काळेवाडीला कोण येतंय राव," म्हणून ते हसले. शेजारचे दोघेही हसले. ते हसणं मी घरी घेऊन आलो आणि त्याच आठवड्यात पॅकेज बांधायला शिकायला बसलो.

काम असं असतं: मूळ कोड घ्यायचा, त्याला आणखी काय काय लागतं ते लिहायचं, प्रत्येक फाइलचं लायसन्स, म्हणजे ती वापरायची-वाटायची परवानगी, नोंदवायचं, आणि एका आज्ञेवर कुठल्याही मशीनवर बसेल असं पॅकेज बांधायचं. ते भांडारात, म्हणजे लिनक्सवाल्यांच्या तपासून ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या साठ्यात, घ्यायचं की नाही, हे जुने स्वयंसेवक ठरवतात. माझं पॅकेज तपासायला एक बाई होत्या. त्या कुठल्या देशातल्या, मला आजही माहीत नाही. सगळं बोलणं ईमेलवर.

त्यांनी पहिल्यांदा कळवलं की पॅकेज तयारच होत नाही. मी तडकून लिहिलं, "माझ्याकडे होतंय."

"तुमच्या मशीनवर आधीच बरंच काही टाकलेलं असेल. कोऱ्या मशीनवर करून बघा."

करून बघितलं. होत नव्हतं. कधीतरी टाकलेली एक लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारा तयार कोड, मी यादीत लिहिलीच नव्हती.

ते निस्तरलं, तर त्यांनी एक फॉन्ट पकडला. त्याचं लायसन्स कुठेच सापडत नव्हतं. आता आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुटा भाग मापात केसभर चुकला, तर माल परत नेत नाहीत. गिऱ्हाइकाला चहा पाजून म्हणतात, "एवढा लॉट डेव्हिएशनवर घ्या, पुढचा बरोबर देतो." डेव्हिएशन म्हणजे चूक कागदावर मान्य करून दिलेली सूट; लॉट सुटतो. मी असे कितीतरी सोडवले होते. त्याच सवयीने बाईंना लिहिलं, "फॉन्टचं पुढच्या वेळी बघू. हे आत घ्या, बदल्यात तुमची दोन पॅकेजं मी सांभाळतो."

उत्तर आलं, "सांभाळणार असाल तर स्वागत आहे. हे मात्र असं आत येणार नाही."

मी टेबलावर हात आपटला. बायको आतून म्हणाली, "जिला चहा पाजता येत नाही तिच्याशी कसली घासाघीस करताय? करून टाका ना एकदाचं."

फॉन्ट काढला, खुल्या लायसन्सचा दुसरा घातला. त्याने लेबलांवरचा सगळा मजकूर सरकला. मग पट्टी घेऊन बसलो, छापायचं, मोजायचं, पुन्हा छापायचं. पॅकेज आत गेलं. सांभाळणारा, म्हणजे पुढे त्यातल्या चुका दुरुस्त करणारा, म्हणून त्यावर माझं नाव आलं.

कारखान्यात सांगायला गेलो. साहेबांनी आज्ञा टाइप केली, सॉफ्टवेअर बसलं. "वा. मग आता तुमची गरजच नाही," ते म्हणाले.

डोकं फिरलं होतं, पण एवढंच म्हणालो, "वापरा. सगळ्यांसाठीच आहे."

पुढे काही महिन्यांनी त्यांचाच फोन आला. नवे प्रिंटर आणले होते, लेबलं तिरकी येत होती, माल गेटवर अडकला होता. पॅकेजवर नाव माझंच होतं.

"जरा येऊन जा ना, भाऊ."

"पॅकेजची चूक असेल तर इथूनच दुरुस्त करतो, फुकट. कारखान्यात येऊन तुमच्या लाइनवर उभं राहायचं तर वर्षाचा करार लागेल."

"करू की. भावाचं जरा बघा."

"भाव तोच राहील. सही करायला काळेवाडीला या."

ते आले. चहा मी पाजला. भाव कमी केला नाही.