अंगठ्याएवढं अक्षर

"संदेशा, मेल्या, बिघडलेला टॅब माझ्या गळ्यात मारलास!"

सगुणाकाकीने टॅब काउंटरवर आपटला तेव्हा दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मिरजोळ्यात आम्ही एकाच आळीत राहतो. मी शेंबडा होतो तेव्हापासून ती मला ओळखते, त्यामुळे चारचौघांत मला शिव्या घालायला तिला कुणाची परवानगी लागत नाही.

टॅब उघडून बघितला. त्याला काही झालेलं नव्हतं. बिघडलेलं होतं ते पुस्तक, आणि ते माझ्या स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त होणारं नव्हतं. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. का गेला नाही ते कळायला आधी काकी कोण ते कळायला हवं.

काकी मूळची पूर्णगडची. नवरा भिकाजीकाका बोटीवर खलाशी, वर्षातले बरेच महिने समुद्रात. लग्न होऊन मिरजोळ्यात आली आणि थोड्याच दिवसांत एमआयडीसीतल्या कोळंबीच्या कारखान्यात लागली. आधी सोलायला, मग तपासणीच्या टेबलावर. माल परदेशात जायचा. बर्फाच्या पाण्यात बोटं बधिर व्हायची, पण एका डब्यात एक जरी वास मारणारी कोळंबी सापडली तर काकी अख्खा लॉट मागे पाठवायची. मॅनेजर म्हणायचा, जाऊ दे, तिकडे कुणाला कळतंय? त्यावर काकीचं उत्तर ठरलेलं असायचं. "खाणारा आपल्याला दिसत नाय म्हणून त्याच्या ताटात काय पण घालायचं?" मॅनेजर तिला टरकून असायचा.

या बाईला वाचनाचं वेड. जेवणाच्या सुट्टीत डब्याचं झाकण पानावर ठेवून एका हाताने भाकरी खात वाचायची. वाचनालयातला माणूस कुरकुरायचा, तुमच्याकडून आलेल्या पुस्तकांना कोळंबीचा वास येतो म्हणून. काकी त्याला म्हणायची, "मग उन्हात ठेवा, पण दुसरं पुस्तक द्या."

नोकरी संपली, काका गेले, मुलगी दर्शना लग्न होऊन पनवेलला गेली. आता पोटभर वाचीन, असं काकी सगळ्यांना सांगत सुटली आणि नेमके डोळे दगा देऊ लागले. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. हे दुखणं वेगळं होतं. डोळ्याची मधली नजर जाणार, कडेची तेवढी राहणार, आणि किती दिवसांत ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अंगणात उभी राहिली की तिला बाजूची पोफळ दिसायची, समोर उभ्या असलेल्या माझं तोंड दिसायचं नाही. छापील पुस्तक उघडलं तर पानाच्या कडा दिसायच्या आणि मध्ये नुसता धूर.

मग मी तिला एक जुना टॅब दिला. त्यात ई-पुस्तकांचं ॲप टाकलं, अक्षर वाढवत वाढवत अंगठ्याएवढं केलं. पडद्यावर जेमतेम सात-आठ शब्द मावत होते. काकीने मान तिरकी केली, डोळ्याची कड अक्षरावर आणली आणि मोठ्याने एक वाक्य वाचलं. मग दुसरं. दुकानातल्या स्टुलावर बसून दुपारचं जेवण विसरून वाचत राहिली. मी चार्जर शोधायच्या निमित्ताने आत गेलो, कारण मला रडू आलं होतं आणि गिऱ्हाइकासमोर रडणं बरं दिसत नाही.

तर ती टॅब आपटायला आली ती याच्यानंतर काही महिन्यांनी. मिठागरावरच्या दोन बहिणींची एक जुनी कादंबरी होती. तिचा पहिला भाग काकीने कारखान्यात असताना वाचला होता. थोरली भांडून घर सोडते, तिथे तो भाग संपतो. दुसरा भाग वाचनालयात नव्हता, दुकानात नव्हता, प्रकाशकाने तो परत कधी छापलाच नाही. थोरली घरी परत येते का, हे काकीला एवढी वर्षं छळत होतं. आणि एक दिवस तो दुसरा भाग ॲपवर आला. आम्ही लगेच विकत घेतला. काकीने त्या दिवशी आळीत नारळाच्या वड्या वाटल्या.

उघडून बघते तर आत अक्षरं नव्हतीच. पानांचे फोटो होते. नीट टाईप केलेलं ई-पुस्तक असेल तर अक्षर मोठं केल्यावर ओळी आपोआप खाली सरकतात. फोटो मोठा केला की ओळ पडद्याबाहेर पळते. बोटाने सरकवत ओळीच्या शेवटी जायचं, परत बोटाने मागे यायचं, तोवर आपण कुठल्या ओळीवर होतो ते हरवलेलं. त्यातून फोटो वाकडे, आणि पुस्तक नीट उघडायचे कष्टसुद्धा कुणी घेतले नव्हते, त्यामुळे शिवणीकडचे शब्द अंधारात गेलेले. एके ठिकाणी तर पान धरणाऱ्याचं बोट छापून आलं होतं, नखासकट!

"हे बोट आमच्या टेबलावर आलं असतं तर कारखाना बंद पडला असता," काकी म्हणाली.

मी ॲपवाल्यांना तक्रार केली. उत्तर आलं, मजकुराची जबाबदारी प्रकाशकाची. प्रकाशकाला फोन केला. तिथली तेजस्वी नावाची मुलगी म्हणाली, ॲपवर काय दिसतं ते ॲपवाल्यांना विचारा. आठवडाभर मी या दोघांच्यामध्ये चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवला जात होतो. आणि इकडे काकीच्या डोळ्यातला धूर पसरत होता. मी म्हटलं, काकी, मी वाचून दाखवतो. तर भडकली. "जन्मभर भोंगा वाजला की उठले नि भोंगा वाजला की बसले. हे एक माझ्या वेळेनं चालतं. तुझ्या तोंडून ऐकलं तर वाचलंस तू." आणि बोटाने फोटो सरकवत, एकेक ओळ शोधत, चिडत, ती वाचत राहिली.

अशात रत्नागिरीत पुस्तक प्रदर्शन लागलं आणि उद्घाटनाला त्याच प्रकाशनाचे मालक, अजिंक्यसर, आले. विषय वाचनसंस्कृती. काकी म्हणाली, मला घेऊन चल. मी स्कूटरवरून घेऊन गेलो.

अजिंक्यसर बोलले छान. पण खरी सभा रंगली ती श्रोते बोलायला लागल्यावर. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, काही म्हणा, पुस्तकाच्या कागदाचा तो वास मोबाईलवर कुठून येणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. काकी जागेवरूनच म्हणाली, "वास घ्यायचा तर बाजारात बोंबील पडलेत. आम्हाला वाचायचं हाय." हशा झाला. लोकांना वाटलं, म्हातारी विनोदी आहे.

काकी माझा दंड धरून पुढे गेली आणि टॅब थेट अजिंक्यसरांच्या हातात दिला. "तुमचंच पुस्तक हाय. अक्षर मला लागतं तेवढं करून दिलंय. एक पान वाचून दाखवा."

त्यांनी हसत सुरुवात केली. पहिली ओळ अर्ध्यावर पडद्याबाहेर गेली. सरकवली तर दोन ओळी खाली पोचले. परत वर गेले. शिवणीतला शब्द त्यांना लागेना. तिसऱ्या ओळीला हसू गेलं, आणि टॅब खाली ठेवून ते माईकमध्ये म्हणाले, "काकू, खरं सांगू? मराठीत ई-बुक विकत घेतं कोण? टायपिंग करायचं, तपासायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची फाईल फुकट ग्रुपवर फिरते. म्हणून आम्ही आपलं स्कॅन करून टाकतो."

पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ लगेच म्हणाले, माझ्याकडे अशा शेकडो फायली आहेत, पाठवू का तुम्हाला? आणि याची त्यांना जराही लाज नव्हती. मान्य आहे, चोर आहेत, आणि त्यांच्यामुळे प्रकाशकाचा जीव जातो. पण त्या फुकट्यांचा राग काढलात कुणावर? जिने विकत घेतलं तिच्यावर! फुकट्यांना पहिल्या रांगेत खुर्ची आणि काकीच्या हातात नख. तिथे मी गप्प बसलो त्याचं कारण एवढंच की काकीने माझा दंड घट्ट आवळला होता.

"छापील दिसत असतं तर तुमच्या दारात आले नसते," काकी म्हणाली. "विकत घेतलं ते नीट द्या. बाकी कायच मागत नाय मी."

अजिंक्यसरांनी हात जोडले. एका महिन्यात हे पुस्तक नीट टाईप करून ॲपवर येईल, असा शब्द त्यांनी जाहीर दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आयोजकांनी काकीला स्टेजवर नेऊन शाल घातली, श्रीफळ दिलं आणि जाणकार वाचक म्हणून भेट दिली. सुतळीने बांधलेला छापील पुस्तकांचा गठ्ठा. बारीक टाईप, गुळगुळीत कागद. फोटोग्राफर म्हणाला, जरा वाचताय असं करा. काकीने एक पुस्तक उघडून डोळ्यांसमोर धरलं आणि तो फोटो पेपरात छापून आला.

महिना गेला. दुसरा गेला. मी फोन करायचो, तेजस्वी म्हणायची, काम चालू आहे. गणेशचतुर्थी आली नि गेली. काकी मधल्या वेळात बोट सरकवत अर्ध्या पुस्तकापर्यंत पोचली होती, पण पुढे ओळ शोधायलाच तिला पाच-सहा वेळा मान फिरवावी लागायला लागली. डोकं दुखायचं, ओकारी यायची. शेवटी एका सकाळी दुकानात आली. आपटलं नाही काही. स्टुलावर बसली आणि टॅब माझ्याकडे सरकवला.

"वाच तू," म्हणाली. "मला नाय आता जमत. पण हळू वाच. आणि मधे फोन घेऊ नको."

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला हार मानताना बघितलं. मी शटर अर्धं ओढलं, फोन बंद करून खणात टाकला आणि ॲप उघडलं. पुस्तक नव्हतं. दोनदा बंद-चालू केलं, नाव टाकून शोधलं. बाकीची सगळी पुस्तकं होती, हेच तेवढं नव्हतं.

खणातला फोन परत काढून तेजस्वीला लावला. बिचारी खरं बोलली. "सर म्हणाले, त्या एका पुस्तकासाठी तक्रारी येतायत, टायपिंग काही परवडत नाही, तर काढूनच टाका. कालच काढलं. तुमच्याकडूनही गेलं का? जाणारच, ॲपवरूनच काढलंय ना."

"छापील प्रत?"

"ऑफिसात एक होती. स्कॅन झाल्यावर ती रद्दीत गेली."

काकी ऐकत होती. फोन स्पीकरवर होता. मी तोंडाला येईल ते बोललो, ते इथे लिहिता येणार नाही, आणि ते त्या पोरीला बोलून काही उपयोगही नव्हता. फोन ठेवला तेवढ्यात टॅबवर घंटी वाजली.

"काय आलं?" काकीने विचारलं.

ॲपवाल्यांचा निरोप होता, तो मी वाचून दाखवला. तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?

"अक्षर कसं हाय त्याचं?"

मी बघितलं. टाईप केलेलं होतं. मोठं केलं तर ओळी नीट खाली सरकत होत्या, अंगठ्याएवढं करून बघितलं तरी एक शब्द बाहेर गेला नाही.

"चांगलं आहे, काकी."

"म्हणजे त्यांना येतं," ती म्हणाली. मग विचारलं, "एकही तारा द्यायचा नसेल तर?"

"तसं चालत नाही. एक तरी द्यावाच लागतो."