बायकोचं गाणं रेडिओवर

बायको जाऊन वरीस झालं. भिंतीवर फोटो हाय, पण फोटो बोलत न्हाई. तिचा आवाज तेवढा एका जागी राहिला होता, रेडिओवाल्यांकडं.

ती असताना नांदेडहून रेडिओवाली बाई आमच्या गावात आली होती. जुन्या बायका जात्यावर काय गायच्या, त्यावर कार्यक्रम करायचा होता. बाई म्हणाली, "आजी, जातं नुसतं फिरवा. दाणे नको, आवाज साफ येईल."

"रिकामं जातं फिरवत न्हाईत, बाई. घर रिकामं व्हतं."

मग पसाभर ज्वारी टाकली. तरी ती गप्पच. मी खाटेवर बसलो होतो ना. आमच्याकडं बायका नवऱ्यापुढं जात्यावरचं गात न्हाईत. पहाटं मी नुसती कूस बदलली तरी ती थांबायची. उभ्या जन्मात मी तिचं एक गाणं धड ऐकलं न्हाई. रेडिओवालीनं मला हात जोडले, "बाबा, जरा बाहेर बसता का?" माझ्याच घरातून मला भाईर! वर दारबी लावून घेतलं, कोंबड्यांचा आवाज नको म्हणून.

परवा सून म्हणाली, "मामा, आज आत्याचं लागणार हाय रेडिओवर." मी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो. कुणासाठी, ते काय सांगावं.

आधी एक साहेब बोलला. धान्याचा इतिहास, दगडाचा इतिहास. बेजार केलं त्यानं. मग घरघर सुरू झाली अन् ती आली. आवाज तिचाच, पण तरणा. गाण्यात नायगावहून भाऊ येतोय, त्याच्यासाठी पुरण शिजतंय. मग आई. मग परत भाऊ, त्याचे बैल, बैलांची शिंगं. मी वाट बघून राहिलो, माझी पाळीच येईना.

"बैलाचं आलं, माझं न्हाई?"

सून हसली. "मामा, जात्यावर माहेरचं गातेत. नवरा तर घरातच असतोय, त्याचं काय गायचं?"

"मग तू काय गातीस?"

"मला गिरणी हाय."

तेवढ्यात कार्यक्रमात रेडिओवाली बायकोला म्हणाली, "आजी, बाबांवर एक म्हणा की." जातं थांबलं. ती हसली, तोंडाला पदर लावून हसायची तसं. "हात्त! भाईर बसलेत ते, कान लावून. ते शेतात गेले की म्हणत असते मी."

अन् परत तो साहेब.

म्हणजे माझ्यावर होतं एक. मी सुनेला तिथंच फोन लावायला लावला. रेडिओवाली चांगली बाई, तिनं सगळं परत ऐकून बघितलं. पुढं टेपात काही भरलेलं न्हाई, म्हणाली.

मी रोज शेतात जायचो. माझ्यामागं ती घरात काय गायची, आता कुणाला विचारू? तिच्यासंगं दळायला बसणारी शेजारीण तेवढी राहिली होती. तीबी औंदा गेली.