फुग्यांशिवाय नाताळ

१९८६ च्या नाताळात आमच्या घरी फुग्या झाल्या नाहीत. त्या दुपारी टेबलावर तांदळाचे पाव होते, आणि घरात गव्हाचा किंवा मैद्याचा एकही पदार्थ नव्हता.

अंधेरीच्या पूर्वेला आमचे जुने ख्रिस्ती गावठाण आहे. तिथे नाताळ, लग्न, बाप्तिस्मा यांतले काहीही फुग्यांशिवाय होत नसे. मैदा ताडीने आंबवायचा, अंडी आणि नारळाचे दूध घालायचे, आणि ते सैल पीठ मुठीतून पिळून गरम तेलात सोडायचे. चेंडूसारखी फुगते ती फुगी. शेजारणी आपले पीठ नीट आंबले की नाही ते आईला दाखवायला पातेले घेऊन येत.

फुग्या न होण्याचे कारण माझी भाची होती. थोरली बहीण लग्न होऊन मनोरीला गेली होती. ही तिची एकुलती मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. बरीच वर्षे तिचे पोट सारखे बिघडत असे. हातपाय काड्या, पोट तेवढे फुगलेले. जंतांची औषधे झाली, गावठी काढे झाले. शेवटी एका मोठ्या रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी निदान केले. गव्हात ग्लुटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो तिच्या आतड्यांना सोसत नाही. गहू, मैदा, रवा, जव, सगळे बंद, तेही कायमचे. तांदूळ, नाचणी, मासे, मटण चालेल.

हे निदान १९८५ च्या पावसाळ्यातले. त्याच वर्षीच्या नाताळात आईने नातीला एक फुगी दिली. सगळी मुले खात होती आणि ती एकटी रिकामी ताटली धरून उभी होती, असे आईने नंतर सांगितले. त्यानंतरचा जवळजवळ सगळा जानेवारी मुलीने अंथरुणात काढला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर, माझ्या सुटीच्या दिवशी, मी मार्व्याहून फेरीबोटीने मनोरीला गेलो. बहीण अंगणात सुकत घातलेले बोंबील उलटत होती. नाताळाला कधी येणार, असे मी विचारले.

"आम्ही येत नाही यंदा."

"आईला काय सांगू?"

"हेच सांग. मी भांडत नाहीये रे. पण आईच्या हाताला सवय आहे. समोर पोर उभं राहिलं की त्याच्या तोंडात काहीतरी घालणारच ती. आणि नुसती आईच नाही. काकी देईल, शेजारीण देईल. मी कोणाकोणाचे हात धरू?"

हे मी घरी सांगितले. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी पोरीला विष घातलं असं म्हणते का ती?"

"तसं नाही म्हणाली."

"मग कसं म्हणाली?"

मी बहिणीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आईने सूप खाली ठेवले. ती म्हणाली, "तिला सांग, पोरीला चालेल असा पाव मी करते. सगळे तोच खातील. मग कोणाचा हात धरायला नको."

असा पाव आईने कधी केला नव्हता, आणि तो कसा करतात हे विचारावे असे ओळखीत कोणी नव्हते. तांदळाची भाकरी घरात रोज होत असे, पण भाकरी फुगवणे वेगळे आणि पाव फुगवणे वेगळे. पहिल्या खेपेला तिने तांदळाच्या पिठात ताडी घातली, मैदा मळतात तसे ते जोर लावून मळले, गोळे केले आणि केकसाठी घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये ठेवले. गोळे गेले तसेच बाहेर आले. वडिलांनी एक हातात घेऊन टेबलावर आपटून पाहिला.

"हा दाराला लावा. वाऱ्यानं आपटायचं बंद होईल."

"तुम्हाला खायला कोणी सांगितलं?"

"खात नाहीये. वजन बघतोय."

त्यानंतर तिने गोळे तळून पाहिले; ते तेलात विरघळले. अंडी वाढवली, तर पावाला आमलेटचा वास आला. उकडलेला बटाटा घातला, तेव्हा आत ओलसर आणि वर भेगा. पण चव बरी होती, म्हणून बटाटा राहिला.

अडचण मळण्यात होती. मैदा मळला की ताणला जातो आणि आतली हवा धरून ठेवतो. तांदळाच्या पिठात तो ताण नसतो, कारण ताण देणारा पदार्थ तोच, जो मुलीला चालत नव्हता. आईला हे कोणी सांगितले नाही. तिने एवढेच पाहिले की जितके मळावे तितके पीठ बसते. एका सकाळी ती कपड्यांसाठी खळ शिजवत होती. त्यातलीच वाटीभर, मीठ न घातलेली तांदळाची खळ निवल्यावर तिने पिठात मिसळली, पीठ भज्यांच्या पिठाइतके सैल केले आणि मळण्याऐवजी पळीने फेटले. सैल पिठाचे गोळे होईनात, म्हणून ते लोणी लावलेल्या स्टीलच्या वाट्यांत ओतले. पीठ वाटीच्या काठापर्यंत चढले. ओव्हनच्या झाकणाला काचेची लहान खिडकी होती. आई तिच्यासमोर स्टूल टाकून बसली आणि पाव बाहेर येईपर्यंत उठली नाही.

पाव हलके झाले होते. रंग फिकट होता, तो पुढे अंड्याचा बलक लावून सुधारला. वडिलांनी दोन खाल्ले. आईने उरलेले फडक्यात बांधून दिले आणि पुढच्या सुटीला मी ते मनोरीला पोचवले. बहिणीने एकेक जिन्नस विचारून घेतला. तांदूळ, बटाटा, अंडे, साखर, मीठ, ताडी. मग तिने मुलीला अर्धा पाव दिला. मुलीने उरलेला अर्धाही मागून घेतला.

पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा मुलगी आतल्या खोलीत झोपून होती. बहिणीने मला बसही म्हटले नाही.

"पुन्हा तेच झालं. आईला सांग, पुरे आता."

"त्यात गहू नव्हता."

"मला माहीत आहे. तिनं घातला असं मी म्हणत नाही. पण होतंय ना पोरीला? मग?"

आईने हे ऐकून घेतले. पाव बंद झाले. वाट्या धुऊन फळीवर गेल्या.

त्यानंतर काही दिवसांनी, मार्गशीर्षातल्या एका बुधवारी, मी तांदूळ घेऊन गावठाणाच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीत गेलो. गिरणीत एकच जाते होते. दिवसभर त्यावर बहुतेक गहूच दळला जाई. पुढे एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीत गुरुवारच्या उपासासाठी राजगिरा होता. गिरणीवाल्याने पिशवीला हात घातला तसा त्यांनी तो अडवला.

"थांब थांब. आता काय चाललंय तुझं? गहू ना?"

"हो मावशी."

"मग गव्हावर नको टाकूस. उपासाचं आहे."

"अहो, पहिली मूठ बाजूला काढतो ना."

"आणि दुसऱ्या मुठीत गहू येत नाही? चक्कीच्या त्या कापडी पिशवीला बघ किती चिकटलंय. देवीला फसवू काय मी? उद्या सकाळी चक्की साफ कर, गहू टाकायच्या आधी माझं दळ."

"सगळ्यांचा उपास उद्याच असतो, मावशी. मी किती वेळा साफ करू?"

"सगळ्यांना एकाच रांगेत उभं कर. तुलाच पुण्य लागेल."

रांगेतले लोक हसले. बाई पिशवी घेऊन निघून गेल्या. गिरणीवाल्याने माझा डबा घेतला आणि नेहमीचे विचारले, "तांदूळ ना? गव्हावर चालेल?"

आमच्या घरात उपासाचे पीठ कधी दळले गेले नव्हते. त्यामुळे या प्रश्नाला आमचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या "चालेल" असेच होते. आईच्या पावांचे पीठही इथेच दळलेले होते. त्या दिवशी मी डबा परत घेतला.

घरी येऊन आईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मनोरीला जा."

बहीण चुलीपाशी होती. तुमचे तांदळाचे पीठ कुठे दळता, असे मी विचारले.

"गिरणीत. दुसरीकडे कुठे?"

"कशावर दळतो तो?"

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग फळीवरच्या पिठाच्या डब्याकडे. मी गिरणीत ऐकलेले सगळे सांगितले.

"रोज दोन भाकऱ्या घालते मी तिला," ती म्हणाली. "तांदळाच्या आहेत म्हणून. आईनं एक फुगी दिली तर मी वर्षभर..."

डबा काढून ती मागच्या दारी गेली आणि सगळे पीठ कोंबड्यांपुढे ओतले. सासूचे दगडी जाते पडवीत पडून होते. ते त्याच दिवशी घासून धुतले गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीची भाकरी घरी दळलेल्या पिठाची होऊ लागली. डॉक्टरांना विचारले तेव्हा, गिरणीतले पीठ हे कारण असू शकते, पण खात्रीने सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. नाताळाच्या आधीच्या रविवारपर्यंत मुलीचे पोट बिघडणे थांबले होते. अंगणात ती पकडापकडी खेळताना मी पाहिली.

त्या रविवारी बहीण म्हणाली, "येते. पण घरात गहू नको. टेबलावर नाही आणि स्वयंपाकघरातही नाही."

आईने अट मान्य केली. वडिलांना ती पटली नाही.

"फुग्या नाहीत तर डुकराचं इंदियाल कशाशी खायचं?"

"पावाशी."

"कुठल्या? त्या दाराच्या?"

"दाराच्याच. आणि कुलकुल, नेवऱ्या, केक काहीही होणार नाही. पेरूची वडी करते, खोबऱ्याची करते. काय म्हणणं आहे?"

वडिलांचे म्हणणे बरेच होते. ते त्यांनी अंगणात जाऊन शेजारी राहणाऱ्या काकांना सांगितले.

ओव्हन राखेने घासला. वाट्या नव्या आणल्या. तांदूळ गिरणीत गेलेच नाहीत. पीठ सैलच हवे होते, तेव्हा आईने तांदूळ भिजवून परसातल्या रगड्यावर वाटले. त्या रगड्यावर आजवर फक्त नारळ आणि मसाला वाटला गेला होता. वाटताना आईच्या हाताला फोड आला, म्हणून अर्धे वाटण वडिलांनी केले. ताडी बहिणीच्या नवऱ्याने मनोरीहून आदल्या दिवशी आणून दिली.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती. नाताळाच्या सकाळी गावठाणात घरोघरी फराळाच्या ताटल्या फिरतात, विणलेल्या रुमालाखाली झाकलेल्या. त्यांत मैद्याचे गोड शंख म्हणजे कुलकुल, करंज्यांसारख्या नेवऱ्या आणि केकच असतो, आणि ताटली परत पाठवण्याची रीत नाही. चर्चमध्ये मिस्सा आटोपून आम्ही घरी आल्यावर पहिली शेजारीण फाटकापाशी दिसली तेव्हा बहीण खुर्चीवरून उठली. तिच्याआधी वडील उठले. सकाळभर ते फाटकावर उभे राहिले. प्रत्येकीच्या हातातली ताटली त्यांनी तिथेच घेतली, आमची वडीची ताटली दिली आणि घेतलेली काकांच्या घरी नेऊन ठेवली. आत का बोलवत नाही, असे एकीने विचारले.

"घरात गव्हाला बंदी आहे," ते म्हणाले. "मलाच कशीबशी परवानगी मिळालीय."

ताटल्या नेताना ते काकांकडे थोडे जास्त वेळ थांबत. आईने त्यांना प्रत्येक वेळी हात धुऊन, चूळ भरूनच घरात घेतले.

जेवायला आम्ही, बहिणीचे कुटुंब आणि काकांचे कुटुंब होतो. डुकराच्या मटणाचे इंदियाल, कोंबडी, भात. पाव दोन टोपल्यांत होते. एक टोपली मोठ्यांपुढे, एक मुलांपुढे. भाचीला गेले दीड वर्ष कुठेही जेवायला गेले की वेगळी ताटली मिळे. तिने टोपलीला हात लावला नाही. आईकडे पाहून तिने विचारले, "आजी, यात माझा कुठला?"

"कुठलाही घे, बाय."

मुलीने आपल्या आईकडे पाहिले. बहिणीने मान हलवली. मुलीने टोपलीतले पाव एकेक उचलून पाहिले आणि तळाचा एक घेतला. काकांच्या धाकट्या मुलाला तोच हवा होता. त्यावरून दोघांची थोडी ओढाताण झाली आणि पावाचे दोन तुकडे झाले. मुलीने आपला तुकडा इंदियालच्या रश्शात बुडवून खाल्ला, मग आणखी दोन पाव घेतले. काकी म्हणाल्या की पाव फुग्यांइतके चांगले नाहीत. आई म्हणाली, नाहीतच. टोपल्या रिकाम्या झाल्या.

बहीण रात्री परत जाणार होती. ती राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पुन्हा तांदूळ भिजवले.

बहीण आणि भाची नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी मनोरीला परतल्या. तोपर्यंत मुलीचे पोट बिघडले नव्हते.