गिळा

उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आला की माकुणसारच्या घरातली ती दुपार आठवते. पक्षाघातानंतर वडिलांना गिळता येईना, पाण्यानेही ठसका लागे, म्हणून बोईसरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मोबाइलवर गिळण्याचा सराव करून घेणारं एक बोलतं ॲप घालून दिलं होतं. ओटीवर बसून मी पेजेचा चमचा त्यांच्या तोंडात दिला. मागच्या वाडीत केळीची पानं फडफडत होती. फोनमधली बाई म्हणाली, "हनुवटी खाली करा. आता गिळा." वडिलांनी तोंड फिरवलं. "गिळा," ती पुन्हा म्हणाली. "जेवत्या माणसाला असं गिळा बोलतात काय?" आई कळवळली, "तिला सांग, घ्या बोल." मी सेटिंग धुंडाळलं. भाषा बदलता येत होती, शब्द नाही. पेज हनुवटीवरून ओघळली आणि वडील बोबड्या जिभेनं म्हणाले, "मी नाय गिळत." दोन दिवस त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी दुसरा चमचा भरला आणि माझाच धीर सुटला. मी ओरडले, "गिळा ना एकदाचं!" माझ्याकडे बघत त्यांनी ती पेज गिळली. फोनमधली बाई म्हणाली, "छान!" वडील गेल्यावर ते ॲप मी काढून टाकलं, पण जेवायला बसले की पहिला घास अजून तोंडातल्या तोंडात फिरत राहतो.