हजेरीत नसलेला आचारी

पलटणीत मला ‘सर’ म्हणतात, घरी ‘सेनापती’. दोन्हीकडे पाठ वळली की हसतात. मी पलटणीचा नेमलेला इतिहासकार. हयातीत उचललेलं सगळ्यात जड शस्त्र म्हणजे कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन. माझी खोली बुटांच्या गोदामाला लागून, त्यामुळे आमच्या गौरवशाली परंपरेला कायम पॉलिशचा वास येतो. नव्या जवानांना मी पुलाची लढाई शिकवतो, ती इतक्या आवेशात, की एकाने एकदा विचारलं, “सर, तुम्हाला गोळी कुठे लागली होती?” लढाई माझ्या जन्माआधीची. तरी मी लगेच नाही म्हणालो नाही, हे कबूल करतो.

त्या लढाईच्या तारखेला दरवर्षी मैदानावर पुलाशी पडलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला अख्खी पलटण एका आवाजात ‘हजर’ म्हणते. यादी माझी. बारा वर्षांपूर्वी माझ्या पुस्तकात छापली, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही, याचा मला कोण अभिमान!

यंदा आठवडाभर आधी सत्तरीच्या एक बाई खोलीत आल्या.

“माझे वडील तुमच्या दुसऱ्या कंपनीचे आचारी. पुलावरच गेले. त्यांचं नाव का वाचत नाही?”

मी कपाटसुद्धा उघडलं नाही. विद्वानाला कपाट कशाला लागतं? “त्या दिवशीच्या हजेरीत ते गैरहजर आहेत, बाई. पुस्तकात मी लिहिलंय, एक आचारी पळून गेला.”

“त्यांना तिसऱ्या कंपनीत पाठवलं होतं. तिथली वही बघितलीत?”

बघितली नव्हती. तिथल्या कारकुनाचं अक्षर इतकं गिचमिड, की ‘दुय्यम साधन’ असं भारदस्त नाव देऊन मी ती वही खालच्या खणात ढकलली होती.

भिंग घेऊन बसलो. चौथ्या दिवशी ओळ लागली: ‘दुसऱ्या कंपनीचा उसना आचारी. चूल बंद, म्हणून काडतुसं वाहत होता. चौथ्या खेपेला पुलावर पडला.’ उसना दिलेला माणूस मूळ कंपनीच्या हजेरीत गैरहजरच दिसणार. हे मी दरवर्षी नव्या कारकुनांना शिकवतो. मला माझीच लाज वाटली.

ती ओळ उतरवून कमांडरसाहेबांकडे नेली. त्यांनी कागद वाचला. “हे नाव तुम्ही वाचा. आजवर का नव्हतं, तेही तुम्हीच सांगा.”

आठशे जणांपुढे उभा राहिलो. आवेश कुठे गेला कुणास ठाऊक. “ते पळाले नव्हते. मी चुकीचं लिहिलं,” एवढंच बोललो आणि नाव वाचलं. मैदानभर ‘हजर’ घुमलं.

नंतर बाईंकडे गेलो. खोटं कशाला बोलू, चार शब्द आभाराचे मिळतील अशी आशा होती. त्या रुमालाने डोळे पुसत होत्या.

“बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “आई चार वर्षांपूर्वी गेली. तुमचं पुस्तक तिने वाचलं होतं.”